एकच तर गोळी आहे

बीपीची मोठी गोळी घेणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. जो भेटतो तो ‘सगळ्यात छोटा डोस’वाला. “डॉक्टर म्हणाले, खरं तर गरज नाही, पण असू दे आपली.” “एकदम माइल्ड आहे हो.” “नुसती नावाला गोळी!” लग्नाच्या पंगतीत विचारा, लोकलमध्ये विचारा, उत्तर हेच. मोठ्या डोसच्या गोळ्या कारखान्यात बनतात, दुकानात मांडलेल्या असतात, रोज खपतात. त्या नेमकं कोण गिळतं, हे मात्र गुलदस्त्यात आहे.

डोस छोटा असला म्हणजे भागलं असं नाही. गोळ्यांची संख्याही आब राखणारी हवी. एक गोळी घेणारा माणूस ठणठणीत समजला जातो. “बाकी काही नाही, एकच तर गोळी आहे,” असं म्हणत तो दुसऱ्या वड्याला हात घालतो. दोन गोळ्या घेणारा पेशंट होतो. तिसरी सुरू झाली की नातेवाईक मोसंबी घेऊन येतात आणि जाताना दाराशी घरच्यांशी हळू आवाजात बोलतात. त्यामुळे डॉक्टरांनी “आणखी एक गोळी वाढवू या,” असं म्हटलं रे म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि बीपी तिथल्या तिथे चढतं.

यावर वैद्यकशास्त्राने काढलेला तोडगा म्हणजे कॉम्बिनेशन. औषधं दोन, गोळी एक. डॉक्टर म्हणतात दोन, पेशंट म्हणतो एक, आणि दोघंही खरं बोलतात. अशी सोय कायद्याच्या कुठल्याही कलमात नाही.

शास्त्राची बाजूही भक्कम आहे, नाही असं नाही. बीपी एकाच कारणाने चढत नाही. रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, हृदय जास्त जोर लावत असतं, मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून बसलेली असतात. एका बाजूने औषध लागू पडलं की शरीर दुसऱ्या बाजूने उसळी घेतं. म्हणून दोन औषधं, दोन बाजूंनी, थोड्या थोड्या मात्रेत. एकाच औषधाचा डोस दुप्पट केला म्हणून गुण दुप्पट येत नाही, त्रास मात्र वाढू शकतो. हे सगळं डॉक्टरांना केव्हाच माहीत होतं. घोडं अडलं होतं ते पेशंटपाशी. दोन गोळ्या दिल्या आणि दोन्ही रोज घेतल्या, तर तो पेशंट कसला! तो त्यांतली एक पसंत करतो. एक ‘उष्ण पडते’ म्हणून सोडतो, एक महाग म्हणून, एक शेजाऱ्यांना सोसली नाही म्हणून. दोन्ही औषधं एकाच गोळीत घातली की पसंतीचा प्रश्नच उरत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की या गोळीमागे रसायनशास्त्र थोडं आणि मनुष्यस्वभावाचा अभ्यास फार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बीपीच्या अशा जोडगोळ्या आवश्यक औषधांच्या यादीत घातल्या, त्या काही उगाच नाही.

आमच्या घरात बीपी दोघांनाही आहे, पण दोन्ही बीपींना मिळणारी वागणूक सारखी नाही. ह्यांचं निघालं तेव्हा घरात सभाच भरली. मुलाचा अमेरिकेहून व्हिडिओ कॉल आला, नणंदबाई पुण्याहून येऊन राहिल्या, लोणच्याची बरणी माळ्यावर गेली आणि पापडांचा डबा जावेकडे. माझं निघालं तेव्हा हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, “तू उगाच सगळ्याचं टेन्शन घेतेस.” नवऱ्याचं बीपी हा आजार असतो, बायकोचं बीपी हा स्वभाव असतो. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये बीपी झपाट्याने वाढतं, हे डॉक्टरांनी ह्यांच्यासमोर समजावून सांगितलं, तेव्हा हे “असं होय!” म्हणाले. तेही डॉक्टरांना.

ह्यांची गोळी टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन यांची, चाळीस-पाच. माझी अ‍ॅम्लोडिपिन आणि अ‍ॅटेनोलॉल यांची, कारण माझ्या बाबतीत बीपीच्या जोडीला चढावर छातीत आवळल्यासारखं व्हायचं आणि नाडी सतत घोड्यावर स्वार. ही नावं पहिल्यांदा ऐकली की घाबरायला होतं, पण आडनावावरून गाव कळावं तसं शेपटावरून औषधाचं घराणं कळतं. ‘डिपिन’वाली रक्तवाहिन्या सैल करतात. ‘ओलॉल’वाली हृदयाला जरा दमाने घ्यायला लावतात. ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ ही घराणी रक्तवाहिन्या आवळणाऱ्या संप्रेरकाच्या मुळावर उठलेली. एवढं पाठ केलं की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तुम्हाला निम्मा डॉक्टर समजतात आणि लोक आपली स्ट्रिप खिशातून काढून तुमच्या हातात देतात.

स्ट्रिपवर मात्र घोळ आहे. ब्रँडचं नाव ठळक आणि त्यापुढची अक्षरं बारीक. सगळं इंगित त्या बारीक अक्षरांत. ‘एएम’ म्हणजे सोबत अ‍ॅम्लोडिपिन, ‘एच’ म्हणजे सोबत लघवीवाटे पाणी काढणारं हायड्रोक्लोरोथायझाइड, ‘एटी’ म्हणजे अ‍ॅटेनोलॉल. नाव तेच, अक्षर बदललं की औषध वेगळं. आणि आपली गिऱ्हाईकं मेडिकलच्या काउंटरवर काय सांगतात? “ती नेहमीची द्या हो. गुलाबी. छोटी.” काउंटरमागच्या मुलाला यावरून गोळी ओळखता येते, हे त्याचं कर्तृत्व. त्याच्यावर अवलंबून राहू नये हे आपलं शहाणपण.

हा मुलगा कात्रीने स्ट्रिप कापताना पाहण्यासारखा असतो. गोळ्यांच्या स्ट्रिपा कुठे दहाच्या, कुठे चौदाच्या, कुठे पंधराच्या. फेब्रुवारी सोडला तर महिना तीस नाहीतर एकतीस दिवसांचा. चौदाने दर महिना भागेल असं कॅलेंडर अजून निघालेलं नाही. मग वरच्या दोन गोळ्यांसाठी कात्री चालते आणि नेमकी एक्स्पायरीची तारीख दुकानात राहते. घरी येतो तो चांदीच्या कागदाचा चौकोनी तुकडा. त्यावर नावाची मधली तीन अक्षरं. असे तुकडे आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या डबीत साठतात आणि ती डबी उघडून “ही कसली?” हा खेळ घरात अधूनमधून होतो. या खेळात कुणी जिंकत नाही. तेव्हा कात्रीला हात लावायच्या आधी “तारखेची बाजू मला द्या,” असं सांगावं. नाहीतर सरळ अख्खी स्ट्रिप घ्यावी. पुढच्या महिन्यात बीपी राहणारच आहे.

ह्यांची गोळी दोन थरांची आहे. एक थर पांढरा, एक रंगीत. नणंदबाईंनी ती तळहातावर घेतली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला, उलटीसुलटी केली आणि विचारलं, “यातला बीपीचा भाग कुठला आणि हार्टचा कुठला?” मी काही बोलायच्या आत निकालही दिला, “तुझं हार्ट तर चांगलंय दादा. मग रंगीत भाग काढून टाक की.” अर्धी गोळी हा आपल्याकडचा मोठाच संप्रदाय आहे. बीपी थोडं असलं की अर्धी, पाहुणे यायचे असले की पाव, भांडण झालं की दीड. दोन थरांची गोळी आपण नखाने सोलून वेगळी करायची नसते. आणि काही गोळ्या औषध हळूहळू सुटावं म्हणून मुद्दाम तशा घडवलेल्या असतात, त्या चावायच्या किंवा कुटायच्या नसतात. खलबत्ता कितीही वडिलोपार्जित असला तरी.

नणंदबाईंचा दुसरा आक्षेप असा की हे दोन-दोन औषधं एकत्र करणं म्हणजे आजकालची फॅडं. त्यांना मी त्यांच्याच वडिलांची आठवण करून दिली. मामंजी अ‍ॅडेल्फेन घ्यायचे. त्यात सर्पगंधेपासून काढलेलं रेसरपिन आणि डायहायड्रालाझिन अशी दोन औषधं असत. म्हणजे ही जोडगोळी आमच्या घराण्यात दुसऱ्या पिढीत आलेली आहे. शिवाय सर्पगंधेचा हा बीपीवरचा गुण जगाच्या नजरेला आणून दिला तो आमच्या परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. त्यांचा निबंध १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला आणि १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मुंबईकराला बीपी देण्याचं काम मुंबई करते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. बीपीवरच्या औषधाचं एक पानही इथेच लिहिलं गेलं, हे फार थोड्यांना.

रेसरपिनने नाक चोंदायचं आणि काहींना उदास वाटायचं. मामंजी संध्याकाळभर आरामखुर्चीत गप्प बसून असायचे. घरात त्याला ‘करारी स्वभाव’ म्हणत आणि मुलं पावलं न वाजवता जात-येत. आता वाटतं, त्या पिढीतल्या किती पुरुषांचा करारीपणा त्यांचा स्वतःचा होता आणि किती गोळीचा, याची एकदा चौकशी व्हायला हवी.

गोळीचा त्रास गोळीच्या नावावर न लागणं ही आजचीही तऱ्हा आहे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाऊजींना ‘प्रिल’वाली गोळी सुरू झाली आणि कोरडा खोकला लागला. घरात खोकल्याची कारणं निघाली ती अशी: उसाचा रस, पंखा, शेजारचं बांधकाम, धाकट्या सुनेने बदललेलं तेल. उपाय झाले ते असे: आलं-मध, अडुळसा, ज्येष्ठमध, हळद-दूध, छातीचा एक्स-रे, आणि पुन्हा जुनं तेल. खोकला हलेना. शेवटी फॅमिली डॉक्टरांनी विचारलं, “गोळी कधी सुरू झाली आणि खोकला कधी?” तारखा जुळल्या. या ‘प्रिल’ घराण्याचा उगम ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापात आहे. त्याच्या विषाच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल घडवलं गेलं आणि ते १९८१ साली अमेरिकेत मंजूर झालं. हृदयाला या औषधांचा मोठा आधार असतो, पण काहींना कोरडा खोकला होतो. अशांसाठी ‘सार्टन’ घराणं आहे. भाऊजींची गोळी बदलली, खोकला गेला. सून मात्र अजून जुनंच तेल वापरते, कारण तेलाचा गुण आला असं सासूबाईंचं म्हणणं आहे.

अ‍ॅम्लोडिपिनची खोड घोट्याशी. काहींच्या पायांवर सूज येते. मोज्याचा काठ वळ उठवून जातो, चपलेचा पट्टा रुततो. पुरुषाच्या पायावर सूज दिसली की “किडनी तपासा.” बाईच्या पायावर दिसली की “दिवसभर उभी असते ना ओट्याशी.” गंमत म्हणजे ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ सोबत असलं की ही सूज कमी होते. एकाने केलेला घोळ दुसऱ्याने निस्तरायचा, अशी ही जोडी जमवलेली आहे. माझ्या गोळीत ‘सार्टन’ नाही, म्हणून माझ्या घोट्यांकडे डॉक्टर दर वेळी बघतात. या घरात माझ्या पायांकडे लक्ष देणारा तो एकच माणूस.

माझ्यातल्या अ‍ॅटेनोलॉलची कथा निराळी. हे बीटा ब्लॉकर. या घराण्याचा मूळपुरुष प्रोप्रॅनोलॉल. तो ज्यांनी घडवला त्या सर जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळालं. अ‍ॅड्रेनॅलिन ओरडून ओरडून हृदयाला सांगत असतं, “पळ, पळ!” आणि हे औषध हृदयाच्या कानात बोळे घालतं. नाडी मंदावते, छातीचं आवळणं कमी होतं. इथवर उत्तम. पण राग आला तरी धडधडत नाही, हात थरथरत नाहीत. ओला टॉवेल गादीवर पडलेला पाहिला की पूर्वी माझी कानशिलं तापायची, आवाज आपोआप वरच्या पट्टीत जायचा, जुने दाखले तारीखवार सुचायचे. आता मनात येतं, ‘आपण इथे रागवायला हवं,’ आणि राग जमून येईपर्यंत टॉवेल वाळलेला असतो. ह्यांच्या मते हा वैद्यकशास्त्राचा सर्वांत मोठा शोध आहे.

हात स्थिर राहतो म्हणून नेमबाजीत या औषधांवर बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जाँग-सू या नेमबाजाची दोन पदकं प्रोप्रॅनोलॉल सापडल्यामुळे काढून घेतली. हे मी जेवताना वाचून दाखवलं तर हे म्हणाले, “म्हणजे तुझीही पदकं काढून घ्यायला हवीत.” कुठली पदकं, हे विचारायलाही मला राग आला नाही. मात्र एक गोष्ट डॉक्टरांनी बजावून सांगितलेली आहे: ही गोळी मनाला आलं म्हणून एका दिवसात बंद करायची नाही. बोळे एकदम काढले तर हृदय पूर्वीपेक्षा जास्त बिथरतं, छातीत दुखण्यापासून झटक्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

आता बायका गोळी का चुकवतात, यावर पुरुष डॉक्टरांच्या परिषदा भरतात म्हणे. त्यांनी आमच्या धाकट्या जाऊबाईंना बोलवावं. त्यांची गोळी ‘एच’वाली, पाणी काढणारी. रात्रीची झोपमोड नको म्हणून ती सकाळी घ्यायची. आता सकाळी गोळी आणि सातच्या एसटीने मुंबईहून साताऱ्याला लग्न, हे गणित मांडून बघा. मधल्या थांब्यावरचं ते स्वच्छतागृह, दारातच साचलेलं पाणी, कडी नसलेला दरवाजा, एका हातात शालूच्या निऱ्या आणि दुसऱ्या हातात पर्स. जाऊबाई लग्नाच्या दिवशी गोळी घेत नाहीत. मुंजीच्या दिवशी घेत नाहीत. बारशाला, डोहाळजेवणाला, देवदर्शनाला घेत नाहीत. लग्नसराईत त्यांचं बीपी वऱ्हाडापुढे धावतं. बायका गोळीबाबत निष्काळजी नसतात, स्वच्छतागृहांबाबत अनुभवी असतात. हे डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी गोळीची वेळ किंवा जोडी बदलून दिली असती. पण “काही त्रास?” या प्रश्नाचं आपल्या बायकांचं उत्तर ठरलेलं: “नाही हो, काही नाही.” शेवटी मीच दवाखान्यात सोबत जाऊन सांगितलं. दोन मिनिटांत पाण्याच्या औषधाशिवायची जोडी लिहून मिळाली.

दुसरं कारण उपवास. गोळी उपवासाला चालते का, या प्रश्नावर आमच्या इमारतीत दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं, औषधाला दोष नाही. दुसऱ्या तटाने शोध लावला आहे की गोळी बांधायला मक्याचा स्टार्च वापरतात आणि मका उपवासाला चालत नाही. त्यांच्यातल्या काही जणी नवरात्रात नऊ दिवस गोळी ठेवतात आणि शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचे वेफर्स, तळलेले पापड घेतात. वर सैंधव. सैंधव उपवासाला चालतं म्हणून बीपीलाही चालतं, ही समजूत इतकी पक्की आहे की तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच, म्हणजे मीठच, हे सांगणाऱ्याला पाखंडी ठरवतात. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे तेवढं नुसतं ‘वरून’ लागतं. बाकी अ‍ॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन रिकाम्या पोटीही चालतं. तेव्हा ‘पोटात अन्न नव्हतं म्हणून घेतली नाही’ या सबबीतही दम नाही.

हितचिंतकांचं तर विचारूच नका. कुणी शहाळं आणून देतं, कुणी ‘लो सोडियम’ मिठाची पुडी. दोन्हींत पोटॅशियम भरपूर. ‘सार्टन’ किंवा ‘प्रिल’ घेणाऱ्याचं पोटॅशियम आधीच चढायला बसलेलं असतं आणि मूत्रपिंडं थकलेली असतील तर हा आहेर महागात पडतो. गुडघे धरले की कट्ट्यावरूनच पेनकिलरचं नाव मिळतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या बीपी चढवतात आणि बीपीच्या गोळीचा गुणही कमी करतात. म्हणजे सकाळच्या गोळीने मिळवलं ते संध्याकाळच्या गोळीने घालवलं. हिशेब चोख.

मुलाने अमेरिकेहून सात कप्प्यांची डबी पाठवली आहे. दर रविवारी हे सोवळ्यात असल्यासारखे बसतात आणि आठवड्याच्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून कप्प्यांत भरतात. डबी सुंदर, कल्पना सुंदर, पण ती करणाऱ्याने दादरचा जुलै पाहिलेला नाही. टेल्मिसार्टन हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून ते घ्यायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढायचं असतं. जिथे मिठाच्या बरणीला पाणी सुटतं आणि पापड उभा राहत नाही, तिथे गुरुवारची गोळी गुरुवारपर्यंत काय टिकणार? आता डबीत स्ट्रिपचे कापलेले तुकडे ठेवतो. कात्री पुन्हा आलीच, पण या वेळी घरची.

राहता राहिलं मशीन. बीपी मोजायच्या आधी अर्धा तास चहा नको, पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, पट्टा उघड्या दंडावर, दंड हृदयाच्या उंचीला, आणि बोलायचं नाही. बोललं की आकडा वर जातो. या यादीतल्या सगळ्या अटी मराठी माणूस एक वेळ पाळेल, शेवटची सोडून. हे पट्टा बांधून घेतात आणि मशीन घरघरायला लागलं की त्यांना सोसायटीच्या पाणीपट्टीची आठवण होते. एकशे बावन्न! “छे, मशीन बिघडलंय.” पुन्हा. एकशे चव्वेचाळीस. “हां, आता येतंय लायनीवर.” पुन्हा. एकशे छत्तीस. हा आकडा वहीत जातो, शेजारी तारीख, खाली रेघ. दोन-तीनदा मोजून सरासरी काढावी असं डॉक्टर सांगतात. आमच्याकडे तीनदा मोजून सर्वांत कमी आकड्याची निवड होते, बिनविरोध.

आणि वहीत सलग चांगले आकडे आले की घरात तो प्रसिद्ध प्रश्न उगवतो, “आता नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?” यात आपली पंचाईत अशी की औषधाने काहीतरी दाखवावं लागतं. ताप उतरावा, घाम फुटावा, जिभेला कडू लागावं, म्हणजे ‘गुण आला’ म्हणता येतं. बीपी चढल्याचं बहुतेकांना कळत नाही आणि उतरल्याचंही कळत नाही. गोळी रोज काम करते आणि घरात कुणाच्या लक्षात येत नाही. या बाबतीत तिची आणि माझी जोडी जमली आहे.

ही गोळी नव्हती तेव्हा काय होत होतं, हे एका आकड्यात सांगता येतं. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचं बीपी होतं ३००/१९०. वय ६३. भलीमोठी फौज हाताशी, डॉक्टर उशाशी, आणि त्या बीपीवर देण्यासारखं धड औषध कुणाकडे नव्हतं. आज ते औषध कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं, जनऔषधी केंद्रात तर आणखी स्वस्त. आणि आपण ते ‘सवय लागेल’ म्हणून टाळतो. चहाची लागली, मालिकांची लागली, गोळीचीच काय ती भीती.

तेव्हा सांगायचं एवढंच. बीपी नॉर्मल आहे ते गोळी चालू आहे म्हणून. दोन औषधं एकत्र आहेत म्हणून बिचकू नका, आणि गोळी एक आहे म्हणून तिला हलक्यात घेऊ नका. स्ट्रिपवरची बारीक अक्षरं एकदा भिंग लावून वाचा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. नवी स्ट्रिप जुनी संपायच्या आठवडाभर आधी आणा. खोकला, सूज, चक्कर, एसटी, उपवास, जे काही आड येत असेल ते डॉक्टरांना सांगा. जोड्या पुष्कळ आहेत, तुमच्यापुरती एक निघेलच. गोळी बंद करायची, बदलायची किंवा अर्धी करायची असेल तरीही त्यांनाच विचारा. कट्ट्याला विचारू नका. तिथे सगळ्यांचं बीपी नॉर्मल आहे.